पाळकाला विचारलेला प्रश्न : 'नॅली विरुद्ध ग्रेस कम्युनिटी चर्च' या खटल्याचा प्रकरण अभ्यास

१ एप्रिल १९७९ रोजी कॅलिफोर्नियात नॅली आडनावाच्या चोवीस वर्षांच्या एका तरुणाने आत्महत्या केली. पुढच्या वर्षी त्याच्या आईवडिलांनी तो ज्या चर्चमध्ये जात असे त्या चर्चवर आणि तेथील चार पाळकांवर दावा लावला. डॉक्टराच्या हातून हयगय झाली तर त्याला न्यायालयात जाब द्यावा लागतो, तसाच तो समुपदेशन करणाऱ्या धर्मोपदेशकालाही द्यावा लागावा, अशी त्यांची भूमिका होती, आणि या कसुरीला त्यांनी 'क्लर्जीमन मालप्रॅक्टिस' असे नाव दिले होते. दावा खालच्या न्यायालयातून वर आणि वरून पुन्हा खाली असा आठ वर्षांहून अधिक काळ फिरत राहिला आणि २३ नोव्हेंबर १९८८ रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकालात काढला.

ख्रिस्ती समुपदेशन आणि धर्मनिरपेक्ष समुपदेशन यांत फरक काय, असे कोणी विचारले की एकात प्रार्थना असते आणि दुसऱ्यात नसते, असे उत्तर सहसा मिळते. हे उत्तर चूक नाही, पण त्याने फारसे काही कळतही नाही. या प्रकरणात एकच माणूस थोड्या आठवड्यांत पाळक, साधे डॉक्टर, मनोविकारतज्ज्ञ अशा सगळ्यांसमोर बसला होता, आणि कोणी काय ऐकले व काय केले हे साक्षीपुराव्यांमुळे नोंदले गेले आहे. दोन्ही पद्धतींची फारकत नेमकी कोठे होते, हे दाखवणारे इतके तपशीलवार प्रकरण दुसरे चटकन आठवत नाही.

घडलेली हकीकत

हा तरुण रोमन कॅथलिक घरात वाढलेला होता. यूसीएलए विद्यापीठात शिकत असताना तो प्रोटेस्टंट झाला आणि १९७४ पासून सन व्हॅली येथील ग्रेस कम्युनिटी चर्चमध्ये जाऊ लागला. जॉन मॅकआर्थर हे तेथील प्रमुख पाळक होते. लॉस एंजेलिस काउंटीतील सर्वांत मोठे प्रोटेस्टंट चर्च म्हणून ते ओळखले जाई. दहा हजारांहून अधिक लोकांशी त्याचा संबंध होता आणि १९७९ मध्ये तेथे सुमारे तीस समुपदेशक काम करीत होते. आपण परवानाधारक मानसोपचारतज्ज्ञ आहोत असे त्यांनी कधी भासवले नाही. पवित्र शास्त्र हे देवाचे वचन आहे आणि विश्वासणाऱ्याचे सगळे आयुष्य त्याच्या आधारानेच चालले पाहिजे, या श्रद्धेवर त्यांचे समुपदेशन उभे होते, आणि ते बहुतांशी शिकवण, शास्त्राभ्यास आणि प्रार्थना यांच्या रूपाने चाले.

पंथ बदलल्यावरून त्या तरुणाचे घरी खटके उडत. १९७३ मध्ये प्रेमसंबंध तुटल्यावर त्याला नैराश्याने ग्रासले होते, आणि १९७५ मध्ये तो एका मानसशास्त्रज्ञाकडे जात होता, म्हणजे धर्मनिरपेक्ष उपचाराचे दार त्याला अनोळखी नव्हते. १९७६ मध्ये पदवी घेतल्यावर त्याने बायोला या ख्रिस्ती महाविद्यालयात एक सत्र काढले आणि पुढे ईश्वरविज्ञानाचे शिक्षण सुरू केले. १९७८ च्या आरंभी एका पाळकाबरोबर त्याच्या 'शिष्यत्वा'च्या, म्हणजे श्रद्धेविषयीच्या वैयक्तिक मार्गदर्शनाच्या, पाच बैठका झाल्या. मग त्याचे त्यातले मन उडाले आणि त्या थांबल्या. त्या वर्षाच्या डिसेंबरात पुन्हा एक नाते तुटले आणि तो खचत गेला.

फेब्रुवारी १९७९ मध्ये आपल्याला आता हे झेपत नाही, असे त्याने आईला सांगितले. आईने त्याला एका जनरल प्रॅक्टिशनरकडे नेले. त्यांनी नैराश्यावरच्या गोळ्या लिहून दिल्या, रक्ताच्या चाचण्या सांगितल्या, पण मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवले नाही. महिनाअखेरीस दुसऱ्या डॉक्टरांनी पाहिले. त्यांनीही शारीरिक तपासणी सुचवून विषय संपवला. ११ मार्चला त्याने त्याच गोळ्या जास्त प्रमाणात घेऊन जीव देण्याचा प्रयत्न केला, आणि दुसऱ्या दिवशी आईवडिलांनी त्याला रुग्णालयात पोहोचवले. मुलाच्या जिवाला त्याच्या स्वतःपासूनच धोका आहे, हे तेथील डॉक्टरांनी आईवडिलांना स्पष्ट सांगितले. परिचितांना काय वाटेल या काळजीने त्यांनी मात्र डॉक्टरांना विनंती केली की, बाहेर विचारणाऱ्यांना न्यूमोनियासाठी दाखल केले आहे एवढेच सांगावे.

१२ मार्चच्या दुपारी मॅकआर्थर आणि आणखी एक पाळक त्याला भेटायला गेले. अर्धवट गुंगीत असलेल्या त्या मुलाने दोघांनाही वेगवेगळे सांगितले की, आपला प्रयत्न फसला याचेच आपल्याला वाईट वाटते. रुग्णालयातील सगळ्यांना त्याची अवस्था ठाऊक असणारच, असे दोघांनी गृहीत धरले आणि ते वाक्य आणखी कोणाच्या कानावर घातले नाही. चार दिवसांनी रुग्णालयाच्या मनोविकारतज्ज्ञाने त्याला तपासून मनोरुग्णालयात दाखल होण्याचा सल्ला दिला. मुलगा आणि वडील दोघेही कचरले, तेव्हा मनोविकारतज्ज्ञांनी बाह्यरुग्ण म्हणून उपचार घेण्यास संमती दिली, आणि असा रुग्ण पुन्हा प्रयत्न करू शकतो अशी ताकीदही दिली.

१७ मार्चला सुटका झाल्यावर तो आपल्या घरी गेला नाही. त्याला घरी जायचे नव्हते, म्हणून तो मॅकआर्थर यांच्याकडे राहिला. मॅकआर्थर यांनी त्याला मनोविकारतज्ज्ञाच्या भेटी चुकवू नकोस असे सांगितले आणि चर्चचे डीकन, म्हणजे चर्चच्या कामात पद सांभाळणारे सेवक, असलेल्या एका डॉक्टरांकडे तपासणीसाठी पाठवले. या डॉक्टरांनी साक्षीत सांगितले की, आपण त्याला ताबडतोब मनोरुग्णालयात भरती होण्यास सुचवले. तो तयार होईना तेव्हा घरच्यांशी बोललो, पण ते वेड्यांचे इस्पितळ आहे आणि मुलगा वेडा नाही, यावर आई ठाम राहिली. आपल्याकडे 'याला ठाण्याला पाठवा' किंवा 'येरवड्याला नेऊन सोडा' हे विनोद ज्या कानांनी ऐकलेले आहेत, त्यांना ही आई परकी वाटू नये.

मृत्यूच्या अकरा दिवस आधी तो आणखी एका पाळकाला भेटला. शेवटच्या आठवड्यात एका जुन्या मैत्रिणीने त्याला लग्नाला नकार दिला, दुसऱ्या दिवशी घरात वाद होऊन तो बाहेर पडला, आणि दोन दिवसांनी एका मित्राच्या घरात तो मृतावस्थेत सापडला.

'समुपदेशन' म्हणजे कोणाचे काय

मराठीत 'समुपदेशन' या शब्दाच्या पोटातच 'उपदेश' बसलेला आहे, आणि त्यामुळे आपल्या चर्चेत एक गोंधळ आधीपासूनच शिरतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी जी पद्धत रूढ केली, तिचा कणाच असा होता की समुपदेशकाने उपदेश करू नये. समोरच्याला न जोखता ऐकावे आणि आपला मार्ग त्याला स्वतःला सापडू द्यावा. हेच रॉजर्स तरुणपणी न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या धर्मशिक्षणसंस्थेत, शिकत होते आणि तेथून बाहेर पडून मानसशास्त्राकडे वळले होते.

ख्रिस्ती बाजूलाही एकच एक पद्धत नाही, हे आपल्याकडच्या चर्चेत फारसे कोणी लक्षात घेत नाही. एक परंपरा रुग्णालयातील धर्मसेवेची आहे : १९२५ मध्ये अँटन बॉइसन यांनी वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना रुग्णांमध्ये राहून शिकवण्यास सुरुवात केली, आणि बॉइसन स्वतः मनोविकारासाठी रुग्णालयात राहून आलेले होते. दुसरी परंपरा मानसशास्त्र आणि ईश्वरविज्ञान यांची सांगड घालू पाहणाऱ्यांची; पॅसाडीना येथील फुलर सेमिनरीने १९६५ मध्ये मानसशास्त्राचे स्वतंत्र विद्यालयच सुरू केले. तिसरी परंपरा जे अॅडम्स नावाच्या अमेरिकन पाळकांची. १९७० च्या सुमारास त्यांनी ठामपणे मांडले की, मेंदूचा किंवा शरीराचा आजार असेल तर तो डॉक्टरांनी पाहावा, परंतु ज्याला आपण सरसकट मानसिक आजार म्हणतो त्यातले बरेचसे मुळात पाप आणि चुकीची जीवनपद्धती यांतून आलेले असते, आणि त्यावर पश्चात्ताप व वचनाचे पालन हाच उपाय आहे. त्यांनी आपल्या पद्धतीला ग्रीक नव्या करारातील 'नूथेतेओ' या क्रियापदावरून नाव दिले; मराठीत 'बोध करणे' हा त्याला सर्वांत जवळचा शब्द आहे. म्हणजे रॉजर्स ज्या गोष्टीला हात लावू नये म्हणतात, तीच अॅडम्स यांच्या पद्धतीचे नाव होऊन बसली आहे.

ग्रेस कम्युनिटी चर्चचे समुपदेशन या तिसऱ्या वळणाचे होते. यात एक योगायोग मनाला चटका लावतो. या तरुणाने ज्या बायोलामध्ये एक सत्र काढले, त्याच बायोलामध्ये १९७७ साली रोझमीड हे मानसशास्त्राचे ख्रिस्ती विद्यालय सामील झाले. फुलर तर त्याच काउंटीत होते. श्रद्धा न सोडता मनोविकाराचे निदान करू शकणारी माणसे त्याच्या घरापासून फार दूर नव्हती.

अकरा दिवस आधीचा प्रश्न

मृत्यूच्या अकरा दिवस आधी त्याने पाळकाला विचारले : आत्महत्या करणाऱ्या ख्रिस्ती माणसाचेही तारण होते का, म्हणजे पापातून सुटका होऊन त्याला देवाजवळ जागा मिळते का?

पाळकांनी त्याला सेमिनरीत शिकलेल्या सिद्धान्ताची आठवण करून दिली. ज्याचे एकदा तारण झाले त्याचे ते कायमचे, हे त्यांनी मान्य केले, आणि त्याचबरोबर असा विचार मनात आणणेच चूक आहे, असेही सांगितले. नंतर त्यांनी त्याच्यासाठी एका डॉक्टरांची वेळ ठरवून दिली. पण तीही शारीरिक तपासणीसाठी.

या उत्तराकडे मी बराच वेळ पाहत राहिलो आहे. पाळक म्हणून त्यांनी काही खोटे सांगितले नाही. त्यांच्या पंथाचा तो सिद्धान्तच आहे आणि सेमिनरीच्या विद्यार्थ्याला तो नाकारून दाखवणे अप्रामाणिकपणाचे झाले असते. प्रश्न सिद्धान्ताचा होता आणि उत्तर सिद्धान्ताचे मिळाले. पण हेच वाक्य प्रशिक्षित धर्मनिरपेक्ष समुपदेशकाच्या कानावर पडले असते, तर तारणाचा भाग त्याने बाजूला ठेवला असता, कारण त्यावर बोलण्याचा त्याला अधिकारही नाही आणि ज्ञानही नाही. त्याला त्या वाक्यात ऐकू आला असता तो धोका : नऊ-दहा दिवसांपूर्वी एक प्रयत्न झालेला माणूस आता परिणामांची चौकशी करतो आहे, म्हणजे अडसर एकेक करून तपासतो आहे. मग त्याने सरळ विचारले असते की, जीव द्यावासा वाटतो का, कसा आणि केव्हा याचा विचार झाला आहे का, साधन हाताशी आहे का, आज रात्री सोबत कोण आहे. असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे, आणि ती आपल्याकडेही घट्ट रुजलेली आहे. आज महाराष्ट्रात एखाद्या पाळकापुढे, फादरपुढे किंवा कोणापुढेही असा प्रश्न आला, तर तेथेच बसून 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावता येतो. १९७९ मध्ये त्या पाळकाला असे काही सुचवणारी शिकवण त्याच्या पद्धतीत नव्हती.

तरीही धर्मनिरपेक्ष समुपदेशक येथे पुरा पडला असता, असे मात्र म्हणवत नाही. हा मुलगा कॅथलिक घरात वाढला होता, आणि जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफन नाकारणारा १९१७ चा कॅनन कायदा, म्हणजे कॅथलिक चर्चचा अंतर्गत कायदा, तेव्हाही अमलात होता. १९८३ च्या नव्या संहितेत तो उल्लेख राहिला नाही. म्हणजे लहानपणी एक भीती मनात बसलेली आणि मोठेपणी तिच्या अगदी उलट हमी मिळालेली, अशा दोन शिकवणींच्या कात्रीत तो प्रश्न उभा होता. तो समजून घ्यायला ख्रिस्ती मनच हवे. 'तुझ्या धर्माचे तू पाहा' असे म्हणणारा तज्ज्ञ त्या प्रश्नाच्या अर्ध्याच भागाला उत्तर देतो, आणि ज्याला अर्धेच उत्तर मिळते तो माणूस पुन्हा त्या तज्ज्ञाकडे येईलच असे नाही.

पवित्र शास्त्रातच याचे एक उत्तम उदाहरण आहे, आणि अॅडम्स यांच्या पद्धतीला बांधलेल्यांनी ते अधिक मनावर घ्यायला हवे होते, असे मला वाटते. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला बोध करीत नाही. तो निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी ठेवतो, एलीया खाऊन पुन्हा झोपतो, आणि देवदूत त्याला दुसऱ्यांदा उठवून खायला लावतो. 'येथे काय करतोस' हा प्रश्न येतो तो त्यानंतर चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर.

पाळकाचे घर

धर्मनिरपेक्ष समुपदेशनात नात्याला कुंपण असते. वेळ ठरलेली, शुल्क ठरलेले, नोंदी ठेवलेल्या, परवाना टांगलेला. मित्र, नातलग किंवा विद्यार्थी यांना शक्यतो समुपदेशनासाठी घेऊ नये हा नियम. मनोविकारतज्ज्ञाने रुग्णाला आपल्या घरी राहायला नेले, तर त्याच्या व्यवसायबंधूंच्या भुवया उंचावतील. मॅकआर्थर यांनी ते सहज केले, आणि त्यात कोणालाही वावगे वाटले नाही, कारण पाळक हा ज्याचा मराठी पर्याय आहे त्या 'पास्टर' या शब्दाचा अर्थच मेंढपाळ असा आहे. रुग्णालयातून सुटल्यानंतरचे पहिले काही दिवस सर्वाधिक धोक्याचे असतात, हे आज सर्वमान्य आहे. त्या दिवसांत त्याच्या डोक्यावर एका ओळखीच्या घराचे छप्पर होते, आणि ते त्याला चर्चने दिले, रुग्णालयाने नव्हे.

पण या जवळिकीची दुसरी बाजूही आहे. एका पाळकाशी मैत्री, दुसऱ्याशी शिष्यत्वाच्या बैठका, तिसऱ्याशी सिद्धान्ताची चर्चा, चौथ्याच्या घरी मुक्काम, असे संबंध असले की त्याची केस कोणाची, हे कोणालाच सांगता येत नाही. कोणा एकाच्या टेबलावर त्याची फाइल नव्हती. परवानाधारक व्यवस्थेत फाइल तरी असते. मात्र ती असूनही दोन डॉक्टरांनी त्याला पुढे पाठवले नाही, हेही विसरता येत नाही. फरक आणखी एका ठिकाणी आहे : स्वतःच्या जिवाला धोका असलेल्या व्यक्तीला बहात्तर तासांपर्यंत निरीक्षणाखाली ठेवण्याची तरतूद कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तेव्हाही होती, आणि ती वापरण्याची वाट रुग्णालयापुढे खुली होती. पाळकाच्या हाती फक्त मन वळवणे होते.

न्यायालयात

पहिल्या न्यायालयाने दावा साक्षीपुराव्याआधीच फेटाळला, अपील न्यायालयाने १९८४ मध्ये तो पुन्हा उभा केला. १९८५ मध्ये खटला चालला आणि फिर्यादींचा पुरावा संपताच न्यायाधीशांनी तो निकाली काढला; १९८७ मध्ये अपील न्यायालयाने पुन्हा उलट निर्णय दिला. त्या निर्णयात, मृत्यूनंतर दीडेक वर्षाने एका पाळकाने घेतलेल्या समुपदेशनविषयक वर्गाच्या ध्वनिफितीला बरेच वजन दिले गेले होते. आज्ञा मोडणाऱ्या विश्वासणाऱ्याला प्रभू ज्या मार्गांनी आपल्याकडे नेतो त्यांपैकी आत्महत्या हा एक आहे, अशा आशयाचे विधान तीत होते. ते वाचून अंगावर काटा येतो. पण त्या तरुणाला हेच सांगितले गेले होते, असे त्यावरून सिद्ध होत नव्हते, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती फीत पुरावा म्हणून धरली नाही हे रास्तच झाले.

मुख्य न्यायाधीश माल्कम लुकास यांच्या निकालपत्राचा गाभा असा : आत्महत्या रोखण्याचे कायदेशीर कर्तव्य यापूर्वी रुग्णालयासारख्या ज्या संस्थांवर लादले गेले, तेथे रुग्ण त्यांच्या ताब्यात होता, पाळक आणि मंडळीतील व्यक्ती यांच्यात तसे नाते नाही. शिवाय विधिमंडळानेच धर्मोपदेशकांना समुपदेशनाच्या परवान्याच्या अटीतून वगळले आहे, आणि कोणत्या धर्माच्या समुपदेशकाने किती काळजी घ्यावी याचे माप न्यायालय ठरवू लागले, तर ते अव्यवहार्य आणि बहुधा घटनाबाह्यही होईल. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये या निकालात लक्ष घालण्यास नकार दिला.

न्यायमूर्ती मार्कस कॉफमन निष्कर्षाशी सहमत होते, पण वाट वेगळी धरून. गंभीर भावनिक त्रासातही आपण समुपदेशन करू शकतो असे चर्च लोकांना सांगत होते, म्हणून निदान वैद्यकीय मदत घेण्यास सुचवण्याचे किमान कर्तव्य त्याच्यावर होते, असे त्यांचे मत पडले. केवळ ते कर्तव्य मोडल्याचे पुराव्यातून दिसत नाही, म्हणून ते प्रतिवादींच्या बाजूने गेले. मला कॉफमन यांचे म्हणणे अधिक पटते. लुकास यांनी पाळकाला धर्माच्या कुंपणाआड सुरक्षित ठेवले. कॉफमन यांनी त्याला असे विचारले की, दारावर पाटी कसली लावली होती.

त्यांचे मत जरी बहुमत झाले असते, तरी दावा हरलाच असता, कारण डॉक्टरांकडे जा, भेटी चुकवू नको, हे पाळकांनी सांगितले होते. जे झाले नाही ते त्याहून लहान होते. १२ मार्चच्या दुपारी दोन पाळकांनी एक वाक्य ऐकले, ते डॉक्टरांना ठाऊक असेलच असे धरून चालले, आणि मनोविकारतज्ज्ञ त्या मुलासमोर येऊन बसले ते त्यानंतर चार दिवसांनी.